‘बेढब’ या शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘बेढब’ या शब्दाचा नेमका अर्थ काय?

ज्या वस्तूला, शरीराला, हालचालीला किंवा रचनेला डौल नाही, जिचे भाग एकमेकांशी जुळत नाहीत आणि त्यामुळे जी पाहताना डोळ्याला खटकते, तिला ‘बेढब’ म्हणतात. कोशांमध्ये याचे अर्थ ‘बेडौल’, ‘विचित्र आकाराचा’, ‘प्रमाणशीर नसलेला’ अशा शब्दांत दिलेले आढळतात. ते चुकीचे नाहीत, परंतु त्यांतील ‘प्रमाणशीर नसलेला’ हा अर्थ मुख्य आहे आणि बाकीचे त्याच्या मागून येतात, हे लक्षात ठेवले तर शब्द वापरताना गफलत होत नाही.

एखादी किटली डोळ्यांसमोर आणावी. तिचे पोट गरगरीत आहे, कान पोटाच्याही बाहेर आलेला आहे आणि तोटी मात्र इतकी आखूड आहे की ओतताना अर्धे पाणी झाकणाखालून ओघळते. पत्रा उत्तम आहे, कल्हई चकचकीत आहे, कुठे पोचा नाही. तरीही ती किटली बेढब आहे, कारण तिच्यातील प्रत्येक भाग आपापल्या जागी ठीक असला तरी कोणीच शेजाऱ्याचा विचार केलेला नाही.

हा शब्द कसा तयार झाला?

‘बे’ हा फारसीतून आलेला उपसर्ग आणि ‘ढब’ हे देशी नाम यांच्या जोडणीतून. ‘बे’ म्हणजे ‘वाचून’ किंवा ‘विना’. ‘ढब’ म्हणजे रीत, धाटणी, लकब. मराठीत ‘ढब’ स्त्रीलिंगी आहे: ‘त्याची बोलण्याची ढब निराळी’, ‘तिची लिहिण्याची ढब ओळखू येते’. म्हणून ‘बेढब’ याचा शब्दशः अर्थ ‘जिला ढब नाही अशी गोष्ट’ असा होतो.

पाढ्यांमध्ये ‘बे एके बे’ म्हणताना येणारा ‘बे’ हा दोन या संख्येचा वाचक असून त्याचा या उपसर्गाशी काहीही संबंध नाही. विद्यार्थ्यांकडून हा प्रश्न इतक्या वेळा येतो की त्याचे उत्तर येथेच देऊन टाकणे बरे.

‘ढब’ म्हणजे रीत असेल, तर ‘बेढब’ हा शब्द आकाराला का लावला जातो?

हा प्रश्न मार्मिक आहे. ‘ढब’ आपण बोलण्याची, चालण्याची, वागण्याची सांगतो. कपाटाची किंवा इमारतीची ढब असे कोणी म्हणत नाही. उलट ‘बेढब’ म्हटले की प्रथम डोळ्यांसमोर येते ते कपाट, इमारत, शरीर, म्हणजे जागा व्यापणारे काहीतरी. मूळ शब्द कृतीचा आणि त्यापासून झालेले विशेषण आकृतीचे, अशी ही अदलाबदल प्रत्यक्ष वापरात झालेली आहे.

याचे एक समजण्यासारखे कारण असे की रीत आणि आकार यांना मराठीने कधीच फार दूर ठेवलेले नाही. ‘घाट’ भांड्याचाही असतो आणि ‘घाट घालणे’ म्हणजे एखाद्या कार्याची योजना मांडणेही असते. ‘डौल’ मोराच्या पिसाऱ्यात दिसतो तसा चालण्यातही दिसतो. ज्या रीतीने वस्तू घडवली गेली ती रीत वस्तूच्या आकारात उमटून राहते, तेव्हा रीत हरवल्याची खूणही आकारातच सापडणार. मात्र वागण्याची रीत सुटली असे म्हणायचे असेल तर ‘बेढब’पेक्षा ‘बेढंगी’ हा शब्द अधिक नेमका ठरतो. ‘बेढंगी वागणे’ कानाला सहज वाटते, ‘बेढब वागणे’ किंचित अडखळते.

‘बेढब’ आणि ‘कुरूप’ हे समानार्थी शब्द आहेत का?

नाहीत, आणि या दोघांना समानार्थी म्हणून एका ओळीत बसवणाऱ्या याद्या बऱ्याच गोंधळाला कारणीभूत आहेत. ‘कुरूप’ हा रूपाविषयीचा निवाडा आहे. ‘बेढब’ हे प्रमाणाविषयीचे निरीक्षण आहे. अतिशय देखणी वस्तू चुकीच्या जागी ठेवली की ती कुरूप होत नाही, पण बेढब दिसू लागते. कोरीव नक्षीचा भला थोरला पलंग चिंचोळ्या खोलीत कोंबला, तर पलंगाचे सौंदर्य तसूभरही कमी झालेले नसते, तरी तो तिथे बेढबच दिसतो. ‘नाकापेक्षा मोती जड’ ही म्हण आज माणसांच्या डोईजड होण्याविषयी वापरली जात असली तरी तिच्यातले चित्र हेच आहे: मोती वाईट नाही, नाक वाईट नाही, दोघांचे गणित चुकले आहे.

अकराव्या शतकातील काश्मीरचा साहित्यशास्त्रज्ञ क्षेमेंद्र याने ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथात हीच गोष्ट काव्याच्या संदर्भात सांगितली आहे. कमरपट्टा गळ्यात, हार कमरेला, पैंजण हातात आणि बाजूबंद पायात घातला तर कोणाचे हसे होणार नाही, असे तो विचारतो. अलंकार तेच, सोने तेच, जागा तेवढी बदलली. क्षेमेंद्राला अभिप्रेत असलेले ‘औचित्य’ जिथे सुटते, तिथे पाहणाऱ्याला जे जाणवते त्याला आजच्या मराठीत ‘बेढबपणा’ म्हणायला हरकत नसावी.

दुसरी बाजूही खरी आहे. चारचौघांच्या दृष्टीने कुरूप ठरणारी वस्तू अगदी प्रमाणबद्ध असू शकते. घुबड किंवा बेडूक यांना सुंदर म्हणणारे थोडे असतील, पण त्यांच्या शरीराला त्यांच्या जगण्याच्या दृष्टीने पाहिले तर त्यात बेढब असे काही सापडत नाही.

‘बेडौल’, ‘बेंगरूळ’, ‘ओबडधोबड’ आणि ‘बेढब’ यांत फरक काय?

‘बेडौल’ हा सर्वांत जवळचा शब्द आहे. पुष्कळ ठिकाणी एकाच्या जागी दुसरा खपून जातो. सूक्ष्म भेद करायचाच झाला तर ‘बेडौल’ बहुधा बांध्याविषयी, बाह्यरेषेविषयी बोलतो, आणि ‘बेढब’ त्याखेरीज मांडणी, जागा, रचना यांनाही कवेत घेतो. ‘बेडौल शरीर’ आणि ‘बेढब शरीर’ दोन्ही चालतात. ‘बेढब बांधकाम’ सहज वाटते, ‘बेडौल बांधकाम’ तितके नाही.

‘बेंगरूळ’ या शब्दात आकाराबरोबर अवताराचीही भर असते. विस्कटलेले केस, ढगळ कपडे, चेहऱ्यावर कसलाही ताजेपणा नाही, असे एकत्र आले की माणूस बेंगरूळ दिसतो. अंघोळ आणि इस्त्री यांनी बेंगरूळपणा बराच कमी होऊ शकतो. बेढबपणाला तो उपाय लागू पडत नाही. शिवाय ‘बेंगरूळ’ हा शब्द बोलीभाषेचा, थोडा फणकाऱ्याने उच्चारला जाणारा आहे. औपचारिक लेखनात तो क्वचितच शोभतो.

‘ओबडधोबड’ हा पृष्ठभागाचा शब्द आहे. ज्याच्यावरून रंधा फिरलेला नाही, छिन्नीचे घाव ज्याच्यावर तसेच दिसतात, ते ओबडधोबड. ओबडधोबड दगडाची भिंत अतिशय प्रमाणशीर आणि देखणी असू शकते. मघाच्या किटलीला मात्र कोणी ओबडधोबड म्हणणार नाही, कारण ती गुळगुळीत आहे. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरण्याची चूक फार होते, म्हणून ही कसोटी ध्यानात ठेवावी: हात फिरवून जे कळते ते ओबडधोबड, आणि चार पावले मागे सरून पाहिल्यावर जे कळते ते बेढब.

‘रांगडा’ हा शब्दही काही जण या गटात घालतात. तो येथे बसत नाही. ‘रांगडा’मध्ये कौतुकाची छटा असते, नाजूकपणा नसला तरी जोम आहे, असे त्यातून सुचते.

माणसाच्या हालचालींना ‘बेढब’ म्हणता येते का?

म्हणता येते, विशेषतः चाल, नाच, उभे राहण्याची किंवा बसण्याची पद्धत यांना. ‘तो बेढब चालतो’, ‘नर्तकाची ती गिरकी बेढब वाटली’ ही वाक्ये निर्दोष आहेत. हालचालीतला बेढबपणा पाहायचा तर पेंग्विनचे उदाहरण बोलके आहे. जमिनीवर तो दोन्ही बाजूंना हेलकावे खात चालतो आणि ती चाल पाहून लहानमोठे सगळेच हसतात. तोच पक्षी पाण्यात शिरला की पंखांच्या जोरावर अशा सफाईने वळतो की ‘बेढब’ हा शब्द उच्चारणाऱ्याने तो मागे घ्यावा. शरीर तेच आहे. म्हणून हालचालीला बेढब म्हणताना ती कोणत्या जागी, कोणत्या कामासाठी केलेली हालचाल आहे, हे वाक्यात आले तर शब्दाला न्याय मिळतो.

मात्र पुष्कळदा लेखकाला ‘बेढब’ म्हणायचे नसतेच. वस्तू आदळत, आपटत, आवश्यकतेपेक्षा जास्त जोर लावत काम करणारा माणूस ‘धसमुसळा’ असतो. घाईने गडबडून जाणारा आणि एक करता दुसरेच करून बसणारा ‘धांदरट’ असतो. लक्ष नसल्यामुळे ठेच खाणारा, चष्मा डोक्यावर असताना घरभर शोधणारा ‘वेंधळा’ असतो. चारचौघांत गेल्यावर हातांचे काय करावे हेच ज्याला कळत नाही, तो ‘अवघडलेला’ असतो. त्याच्या हालचाली एरवी मोकळ्या असतात, लोकांच्या नजरेने त्या बांधल्या जातात. या चौघांच्याही हालचालींना डौल नसतो, पण प्रत्येकाचे कारण वेगळे आहे. ‘बेढब’ हा शब्द कारण सांगत नाही, दिसते तेवढेच सांगतो. ज्याला कारण ठाऊक आहे त्याने नेमका शब्द वापरावा; ‘बेढब’ने सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये.

‘अजागळ’ आणि ‘गबाळा’ यांचा या शब्दाशी काय संबंध?

दूरचा. ‘गबाळा’ माणूस स्वतःच्या नीटनेटकेपणाकडे आणि सामानाकडे लक्ष देत नाही. ‘अजागळ’ त्याच्याही पुढचा. त्यात बावळटपणाचीही छटा येते. या शब्दाची व्युत्पत्ती मात्र सांगण्याजोगी आहे. ‘अजा’ म्हणजे शेळी आणि ‘गल’ म्हणजे गळा. काही शेळ्यांच्या गळ्याशी सडांसारखे दिसणारे मांसाचे दोन लोंबते गोळे असतात, पण त्यांतून दूध निघत नाही. धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष यांपैकी एकही ज्याने साधला नाही त्याचा जन्म ‘अजागलस्तना’सारखा निरर्थक, असे एक प्रसिद्ध संस्कृत सुभाषित आहे. या ‘अजागल’शीच मराठी ‘अजागळ’ जोडला जातो. निरुपयोगी लोंबणाऱ्या अवयवापासून लोंबत्या, ढिल्या अवताराच्या माणसापर्यंतचा हा प्रवास सहज पटतो.

येथे जाता जाता ‘ध्यान’ या शब्दाची आठवण होते. देवाच्या रूपाला भक्तिभावाने ‘ध्यान’ म्हणणारी मराठी, कोणाचा अवतार पाहून ‘काय ध्यान आहे!’ असेही म्हणते. शब्द तोच, स्वर बदलला की अर्थ उलटा.

‘बेढब’ हे विशेषण लिंग आणि वचन यांनुसार बदलते का?

बदलत नाही. बेढब मुलगा, बेढब आकृती, बेढब घर, बेढब खुर्च्या, बेढब दगडांवर: सर्वत्र रूप एकच राहते. मराठीत आकारान्त विशेषणे विकारी असतात आणि त्यांखेरीज बहुतेक विशेषणे अविकारी राहतात, या सामान्य नियमाप्रमाणेच हे आहे. तुलनेसाठी ‘गबाळा’ घ्यावा: गबाळा मुलगा, गबाळी मुलगी, गबाळे पोर, गबाळ्या मुलाला. ‘बेढबी आकृती’ किंवा ‘बेढबे घर’ अशी रूपे मराठीत नाहीत.

तुलना दाखवताना ‘त्याहून बेढब’, ‘अधिक बेढब’, ‘सर्वांत बेढब’ असे लिहावे. ‘तर’ आणि ‘तम’ हे प्रत्यय संस्कृत शब्दांना शोभतात, त्यामुळे ‘बेढबतर’ हे रूपच मुळात बेढब ठरेल. अर्थ सौम्य करायचा असेल तर आधी ‘काहीसा’ जोडावा, पण तो विकारी आहे हे विसरू नये: काहीसा बेढब स्तंभ, काहीशी बेढब कमान, काहीसे बेढब प्रवेशद्वार.

याचे भाववाचक नाम आणि क्रियाविशेषण कोणते?

भाववाचक नाम ‘बेढबपणा’ हे पुल्लिंगी आहे. ‘बेढबपण’ असे नपुंसकलिंगी रूपही होऊ शकते, पण रूढ पहिलेच. क्रियाविशेषण म्हणून ‘बेढबपणे’ वापरावे, जसे ‘छपराचा एक कोपरा बेढबपणे पुढे आलेला होता’. ‘चालणे’, ‘वाढणे’ यांसारख्या क्रियापदांबरोबर मात्र नुसते ‘बेढब’ही पुरते.

येथे एक लहानसा पण उपयोगी व्याकरणविशेष आहे. ‘बेढब’ला ‘पणा’ थेट लागतो. आकारान्त विशेषणांना तो लागताना शेवटचा ‘आ’ जाऊन ‘ए’ येतो: वेंधळा, वेंधळेपणा, गबाळा, गबाळेपणा, धसमुसळा, धसमुसळेपणा. म्हणून ‘वेंधळापणा’ आणि ‘गबाळापणा’ ही रूपे प्रमाण लेखनात टाळावीत.

लेखन आणि उच्चार यांबाबत काय काळजी घ्यावी?

‘बेढब’ या शब्दात इकार किंवा उकार नसल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्नच येत नाही. ‘बे’ सुटा लिहू नये, मध्ये संयोगचिन्ह देऊ नये आणि ‘ढ’खाली नुक्ताही देऊ नये. शेवटचा ‘ब’ उच्चारात व्यंजनासारखा तोकडा राहतो आणि ‘बेढबपणा’मध्येही तसाच राहतो.

‘बेंगरूळ’मध्ये मात्र ‘रू’ दीर्घ आहे. मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेल्या आणि १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या लेखनविषयक नियमांप्रमाणे मराठी अकारान्त शब्दांतील उपान्त्य इकार व उकार दीर्घ लिहिले जातात. सामान्यरूप होताना तो ऱ्हस्व होतो, म्हणून ‘बेंगरुळाला’.

‘बे’ हा परका उपसर्ग असल्यामुळे औपचारिक मराठीत ‘बेढब’ टाळावा का?

तशी गरज नाही. फारसी शब्दांना पर्याय देण्याचे प्रयत्न मराठीत जुने आहेत. शिवकाळात सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले, आणि विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला. त्या प्रयत्नांतून मराठीला अनेक चांगले शब्द मिळाले. परंतु ‘बे’ या उपसर्गाची गोष्ट एखाद्या उसन्या शब्दापेक्षा वेगळी आहे. तो मराठीत इतका मुरला की ज्यांचा फारसीशी काही संबंध नाही अशा शब्दांनाही आपण तो बिनदिक्कत जोडतो. ‘बेसूर’ आणि ‘बेताल’ यांतील ‘सूर’ आणि ‘ताल’ हे संस्कृतातून आलेले शब्द आहेत. ‘बेचव’मधील ‘चव’ घरातलीच आहे. जो उपसर्ग नवे शब्द घडवतो त्याला परका म्हणणे कठीण आहे.

‘बे’ लागला म्हणजे शब्द निंदाव्यंजकच झाला, असेही नाही. ‘बेमालूम’ जोडकाम हे कारागिराचे कौशल्य असते आणि ‘बेधडक’ माणसाचे आपण कौतुकही करतो. ‘बेढब’ निंदाव्यंजक आहे तो ‘ढब’ ही हवीशी गोष्ट असल्यामुळे.

भाषेला, वाक्याला किंवा लेखनाला ‘बेढब’ म्हणता येते का?

येते, आणि अनेकदा ते ‘बोजड’पेक्षा अचूक असते. बोजड भाषा जड शब्दांमुळे होते. बेढब वाक्यात शब्द सोपेही असू शकतात, पण त्याची अंगे एकमेकांच्या पायांत येतात. कार्यालयीन लेखनात नित्य दिसणाऱ्या वळणाचे हे वाक्य पाहावे:

‘समितीद्वारे घेण्यात आलेल्या निर्णयाच्या अंमलबजावणीच्या संदर्भातील कार्यवाहीच्या बाबतीत विलंब होण्याची शक्यता नाकारता येत नाही.’

यात एकही शब्द कठीण नाही. तरी ‘च्या’ची माळ लागलेली आहे, कर्ता ‘द्वारे’मागे दडला आहे, मुख्य क्रियापद येईपर्यंत वाचकाचा श्वास संपतो आणि ते आल्यावर कळते की ते नकाराचा नकार आहे. धड केवढे आणि पाय केवढे, असा हा प्रकार आहे. आता हेच असे लिहावे: ‘समितीने निर्णय घेतला आहे, पण तो अमलात यायला उशीर होऊ शकतो.’ आशयातले काहीही गळलेले नाही. ‘संदर्भात’, ‘बाबतीत’ आणि ‘कार्यवाही’ हे तिघे नुसते उभे होते, ते गेले.

संस्कृत साहित्यशास्त्रात यातल्या काही दोषांना स्वतंत्र नावे आहेत. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त कानाला टोचणारा शब्द ‘श्रुतिकटु’, ज्याचा अर्थ लागायला अडथळे येतात तो ‘क्लिष्ट’ आणि ज्याला नागर संस्कार नाही तो ‘ग्राम्य’ असे दोष सांगितले आहेत. समीक्षा लिहिणाऱ्याला ही नावे उपयोगी पडतात, कारण नुसते ‘वाक्य बेढब आहे’ असे म्हटल्याने लेखकाला दुरुस्ती कोठे करायची हे कळत नाही.

कारभाराला मात्र ‘बेढब’ म्हणत नाहीत. तेथे ‘भोंगळ’ हाच शब्द रूढ आहे.

‘बेढब’चे विरुद्धार्थी शब्द कोणते?

आकारासाठी ‘सुडौल’, ‘घाटदार’, ‘रेखीव’, ‘सुबक’ आणि ‘प्रमाणबद्ध’, हालचालीसाठी ‘डौलदार’, भाषेसाठी ‘लालित्यपूर्ण’ किंवा ‘प्रासादिक’. ‘सुबक’ हा सहसा लहान, हाताने घडवलेल्या वस्तूंना लावतात, त्यामुळे डोंगराएवढ्या इमारतीला सुबक म्हणू नये. ‘लालित्य’ शब्दाला संस्कृत परंपरेत मानाचे स्थान आहे. कालिदासाची उपमा, भारवीचे अर्थगौरव आणि दंडीचे पदलालित्य वाखाणणारे वचन सर्वश्रुत आहे. ‘बेढब’ याच्या विरोधात ‘ढबदार’ असा शब्द ऐकू येतो, परंतु त्याला ‘बेढब’इतकी मान्यता मिळालेली नाही. अभाव सांगणारा शब्द रुळला आणि असणे सांगणारा मागे पडला, असे भाषेत पुष्कळदा होते.

एखाद्या व्यक्तीच्या शरीराला ‘बेढब’ म्हणणे योग्य आहे का?

व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही. सभ्यतेच्या दृष्टीने मात्र समोरच्या माणसाविषयी हा शब्द वापरणे अपमानकारक आहे, आणि शारीरिक व्यंग किंवा आजार यांच्या संदर्भात तो पूर्णपणे अनुचित आहे. वैद्यकीय किंवा शैक्षणिक लेखनात जे प्रत्यक्ष आहे ते सरळ सांगावे: पाठीला बाक आहे, एक पाय आखूड आहे, चालताना तोल जातो. ‘बेढब’ यातले काहीही सांगत नाही. तो केवळ पाहणाऱ्याची नापसंती सांगतो.

आपल्या परंपरेने या बाबतीत पाहणाऱ्यालाच अनेकदा धडा दिला आहे. आठ ठिकाणी वाकलेल्या शरीरामुळे अष्टावक्र हे नाव पडलेल्या ऋषीला जनकाच्या सभेत मान मिळाल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. संत चोखामेळ्यांच्या अभंगातील ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ या ओळीतील ‘डोंगा’ म्हणजे वाकडा, आणि हा शब्द ‘बेढब’च्याच कुळातला पण आज जवळजवळ वापरातून गेलेला आहे. अभंगामुळे तो टिकला, एरवी कोशातच राहिला असता.

कथा-कादंबरीत पात्राचे वर्णन करताना हा शब्द येऊ शकतो. तेथेही लेखकाने तो निवेदकाच्या तोंडी आहे की दुसऱ्या एखाद्या पात्राच्या नजरेतला आहे, हे ठरवून लिहावे. सासूने नव्या सुनेकडे पाहून मनात म्हटलेला ‘बेढब’ सुनेपेक्षा सासूविषयीच अधिक सांगतो.

हिंदीतील ‘बेढब’ आणि मराठीतील ‘बेढब’ एकच आहेत का?

घडण एकच आहे, वापर थोडा निराळा. हिंदीत या शब्दाला ‘विचित्र’, ‘अजब’, ‘सहजी हाताळता न येणारा’ अशा अर्थाकडे अधिक ओढ आहे, त्यामुळे तेथे परिस्थिती किंवा प्रश्नही बेढब असू शकतो. मराठीत ‘बेढब प्रश्न’ म्हटले तर वाचक क्षणभर थांबतो. आपण ‘अडनिडा प्रश्न’ किंवा ‘विचित्र प्रश्न’ म्हणू. हिंदीतील विनोदी लेखक कृष्णदेव प्रसाद गौड यांनी ‘बेढब बनारसी’ हे टोपणनाव घेतले होते, आणि त्यात स्वतःलाच चिमटा काढण्याची जी मिश्किली आहे ती त्या भाषेतील या छटेमुळे खुलते. भाषांतर करणाऱ्यांनी दोन्हीकडे अक्षरे सारखी आहेत म्हणून शब्द तसाच उचलू नये.

‘बेढब’ कौतुकाने वापरता येतो का?

क्वचित येतो. व्यंगचित्रकार नाक, हनुवटी, पोट मुद्दाम प्रमाणाबाहेर नेतो आणि त्या बेढबपणातूनच माणूस ओळखू येतो. तेथे बेढबपणा ही कसबी हाताची निवड असते. लहान मुलाने मातीचा केलेला हत्तीही बेढब असतो आणि त्याला तसे म्हणताना आवाजात माया असू शकते. मात्र ही माया शब्दात नसते, ती वाक्याच्या इतर भागांतून आणावी लागते: ‘सोंडेपेक्षा शेपूट मोठे झालेला तो बेढब हत्ती आजोबांनी कपाटात दर्शनी ठेवला.’

‘वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नासाठी कसे वाक्य लिहावे?

‘तो बेढब आहे’ हे वाक्य शुद्ध असले तरी त्यातून विद्यार्थ्याला अर्थ कळला आहे हे सिद्ध होत नाही, कारण ‘बेढब’च्या जागी ‘हुशार’ घातला तरी ते तितकेच चालते. वाक्यात बेढबपणाचे कारण यावे, म्हणजे शब्द काढून घेतला तरी वाचकाला तो ओळखता येईल. ‘मूळ घराला न शोभणारा तिसरा मजला चढवल्यामुळे वाडा बेढब दिसू लागला.’ ‘बाहुलीचे डोके धडापेक्षा मोठे झाल्याने ती बेढब दिसत होती आणि सारखी पुढे कलंडत होती.’ ‘छाटणी वेळेवर न झाल्याने कुंपणाची झाडे एका बाजूला बेढब वाढली.’ तिसऱ्या वाक्यात शब्द क्रियाविशेषणासारखा आला आहे. परीक्षेत विशेषण म्हणूनच उपयोग मागितला असेल तर पहिल्या दोन वाक्यांचा नमुना धरावा.